चढावर वाजणारे इंजिन

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ४ वर, भोर तालुक्यातील किकवी गाव लागते तेव्हा कात्रजचा चढ मागे पडलेला असतो आणि खंबाटकीचा घाट अजून पुढे असतो. या मधल्या टप्प्यात, नीरा नदी ओलांडून शिरवळपर्यंत आणि तेथून खंडाळ्यापर्यंत, जुने व वजनदार वाहनदेखील फारशी कुरकुर न करता धावते. पुण्याकडून जाणारी वाहतूक मात्र वर्षानुवर्षे जुन्या घाटरस्त्यानेच वर चढत आलेली असल्यामुळे खंडाळा सुटताच इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते, आणि पहिल्या एकदोन वळणांतच बॉनेटखालून खडखड किंवा ठकठक ऐकू येऊ लागते. माथा गाठून उतार लागला की तो आवाज नाहीसा होतो. इंजिन तेच, तेल तेच, टाकीतले इंधनही तेच. मग अर्ध्या तासापूर्वी न येणारा आवाज चढावरच का यावा, हे कोडे वाहन गॅरेजमध्ये नुसते उभे करून, इंजिन चालू ठेवून ऐकल्याने सुटत नाही, कारण उभ्या वाहनात तो आवाज बहुधा नसतोच.

हा प्रश्न फिरत्या घरांच्या, म्हणजे मोटारहोम किंवा कॅराव्हॅनच्या, बाबतीत अधिक तीव्र होतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. परंतु हौसेने केलेल्या अनेक गाड्या म्हणजे जुन्या प्रवासी व्हॅनमध्ये पलंग, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, शेगडी आणि फ्रीज बसवून केलेली रूपांतरे असतात. प्रवासी गाडी परतीच्या फेरीत रिकामी धावू शकते, फिरत्या घराला मात्र आपला संसार कायम वाहून न्यावा लागतो. शंभर लीटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, हे टाकी बसवताना क्वचितच कोणी मोजते.

भार म्हणजे नेमके काय

साडेतीन टन वजनाचे वाहन ताशी ४० किलोमीटर वेगाने विसात एक अशा चढावर, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर, चढत आहे असे मानले, तर केवळ ते वजन वर उचलण्यासाठी सुमारे १९ किलोवॅट, म्हणजे साधारण २६ अश्वशक्ती, खर्च होते. वाऱ्याचा आणि चाकांचा विरोध यात धरलेला नाही. जुन्या व्हॅनचे इंजिन नवे असताना सत्तरएक अश्वशक्तीचे असेल, तर त्याच्या क्षमतेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा एवढ्यातच संपतो, आणि तीही पूर्ण क्षमता चढावरच्या कमी फेऱ्यांवर मिळत नाही. त्यामुळे चालक पेडल खोल दाबतो, प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरमध्ये अधिक इंधन जळते, आणि पिस्टनच्या माथ्यावर पडणारा दाब व तेथील उष्णता दोन्ही वाढतात. इंजिन भाराखाली आहे याचा अर्थ एवढाच: प्रत्येक स्फोट मोठा झाला आहे आणि त्याचा धक्का पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक व त्यांची बेअरिंगे या सर्वांना अधिक जोराने बसतो आहे.

म्हणून चढावरच्या आवाजाची कारणे दोन वेगळ्या कुळांतली असू शकतात. एका कुळात इंधन चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या रीतीने जळते. दुसऱ्या कुळात ज्वलन ठीक असते, पण झिजलेल्या भागांमधली फट त्या मोठ्या धक्क्यामुळे वाजू लागते. पहिल्याचा उपाय पुष्कळदा काही तासांत होतो, दुसऱ्यासाठी इंजिन उघडावे लागते; दोन्हींना सरसकट ‘नॉकिंग’ म्हणण्याची सवय गॅरेजमध्ये आणि गाडीमालकांतही रूढ असल्याने, एकाचा खर्च दुसऱ्यावर होण्याचे प्रसंग वारंवार येतात.

पेट्रोल इंजिनातील नॉक

ओम्नीसारख्या लहान पेट्रोल व्हॅनचे तंबूवजा घर केलेले असेल, तर पहिल्या कुळाचा विचार आधी करावा लागतो. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण आधीच सिलिंडरमध्ये भरलेले असते, प्लगच्या ठिणगीने ते एका जागी पेटते आणि ज्योत तेथून पुढे सरकत जाते. भोर-वेल्ह्याच्या भागात भाताच्या रोपासाठी राब भाजताना तो वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून पेटवतात, म्हणजे आग सावकाश, एका रेषेत सरकते आणि जमीन सारखी भाजली जाते. पण तापून कोरड्या झालेल्या दुसऱ्या टोकाने रेषा पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेतला, तर उरलेला सगळा पाला एकदम भडकतो. सिलिंडरमध्येही ठिणगीपासून दूरचे, अजून न जळलेले मिश्रण पुढे सरकणाऱ्या ज्योतीमुळे दाबले जाते, तापते, आणि ज्योत येण्याची वाट न पाहता स्वतःहून पेटते. मग दाब समतोलाने न वाढता त्याच्या लाटा सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळू लागतात. साधारण ८५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये या लाटांची कंपने सेकंदाला सहा-साडेसहा हजारांच्या घरात असतात, आणि म्हणूनच पेट्रोल इंजिनातील नॉक कानाला बारीक, किणकिणत्या धातूच्या आवाजासारखा लागतो. तो कधीही जड किंवा खोल नसतो.

हे सगळे घडते ते काही हजारांश सेकंदांत. मिनिटाला २००० फेऱ्या असताना क्रँक एका हजारांश सेकंदात १२ अंश फिरतो, आणि ज्योतीला संपूर्ण मिश्रण जाळण्यासाठी साधारण ५० अंश, म्हणजे चारएक हजारांश सेकंद लागतात. फेऱ्या कमी असतील तर कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापत राहण्यासाठी अधिक वेळ मिळतो. चौथ्या गिअरमध्ये रडतखडत चढणाऱ्या गाडीचा आवाज तिसरा गिअर टाकताच थांबतो, तो याच कारणाने: फेऱ्या वाढल्यामुळे वेळ कमी पडतो, आणि त्याच वेळी पेडल थोडे सोडता येत असल्याने दाबही उतरतो. हा एकच प्रयोग, कोणतेही उपकरण न वापरता, पेट्रोल नॉकची जवळजवळ खात्री पटवतो.

मिश्रण आपोआप पेटण्यास किती विरोध करते हे सांगणारा अंक म्हणजे ऑक्टेन अंक. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेन या द्रवाला शून्य मानून ही मोजपट्टी ठरवलेली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, पेट्रोलमध्ये मिसळले की नॉक थांबतो हे शोधून काढले आणि पुढची अनेक दशके जगभरचे पेट्रोल शिसेयुक्त राहिले. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल मिळू लागले. आज साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ असतो आणि इथेनॉल मिसळल्याने तो आणखी वाढतो, त्यामुळे ‘आताचे पेट्रोल हलके आहे म्हणून जुने इंजिन वाजते’ ही तक्रार ऑक्टेनच्या बाबतीत टिकत नाही. इथेनॉलचा खरा त्रास वेगळाच आहे. ते टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला मळ सोडवते, तो मळ फिल्टरमध्ये अडकतो, आणि सपाट रस्त्यावर पुरेसे असणारे इंधन चढावर कार्ब्युरेटरला कमी पडते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून जाणारे मिश्रण मुळातच थोडे विरळ होते. विरळ मिश्रणाने इंजिन तापते, आणि तापलेले इंजिन नॉकच्या सीमेकडे सरकते. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल तर ऑक्टेन अंक खरोखरच कोसळतो, आणि मग ठिणगीची वेळ कितीही मागे घेतली तरी आवाज पुरता जात नाही.

ठिणगीची वेळ हे उरलेले मोठे कारण. डिस्ट्रिब्युटर सैल होऊन फिरला, त्यातील वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या किंवा पॉइंट बदलताना टायमिंग पुढे गेले, तर ठिणगी लवकर पडते आणि पिस्टन वर येत असतानाच दाब शिगेला पोहोचतो. सिलिंडरच्या माथ्यावर साचलेली काजळीही दोन तऱ्हेने त्रास देते, कारण ती उष्णता धरून ठेवते आणि पोकळी लहान करून दाब वाढवते.

डिझेलची उलटी गोष्ट

महाराष्ट्रातील बहुसंख्य फिरती घरे मात्र डिझेलवर चालतात. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर बाजारात आणली. तिच्या जुन्या पिढ्यांतील इंजिन मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ या सुमारे २.४ लीटरच्या, चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाच्या घराण्यातले होते आणि रूपांतरित व्हॅनमध्ये ते अजूनही भेटते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत फक्त हवा येते, ती मूळच्या सुमारे एकविसाव्या हिश्शाएवढी दाबली जाऊन कित्येकशे अंश तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला की ते स्वतःहून पेटते. म्हणजे पेट्रोलमध्ये जो अपघात, तोच डिझेलमध्ये कामाचा रोजचा मार्ग आहे. फवारा सुरू झाल्यापासून प्रत्यक्ष पेट घेईपर्यंत अल्पसा अवधी जातो, त्याला प्रज्वलन-विलंब म्हणतात. हा विलंब लांबला तर तोपर्यंत आत साचलेले सगळे डिझेल एकदम पेटते आणि ‘खट्’ असा आवाज होतो. थंड सकाळी डिझेल गाडी चालू होताच जो खडखडाट ऐकू येतो, तो हाच.

येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की भाराखाली हा विलंब कमी होतो. सिलिंडर तापलेला, हवा तापलेली, भिंती तापलेल्या. त्यामुळे फवारा सुरू होताच ज्वलन सुरू होते आणि निरोगी डिझेल इंजिन चढावर जोराने गुरगुरले तरी त्याची खडखड वाढत नाही, उलट तिला गोलाई येते. ओएम ६१६ सारख्या इंजिनात तर डिझेल आधी एका लहान पूर्वकक्षात, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याला जोडलेल्या छोट्या कप्प्यात, फवारले जाते आणि तेथून जळत जळत मुख्य सिलिंडरमध्ये येते. या रचनेचा एक हेतूच आवाज मऊ करणे हा होता. तेव्हा गरम झालेले जुने डिझेल इंजिन सपाटीवर शांत आणि चढावर कर्कश असेल, तर ‘डिझेल गाड्या वाजतातच’ असे म्हणून तो आवाज सोडून देणे चुकीचे ठरते.

अशा वेळी पहिला संशय नोझलवर घ्यावा. या घराण्यातील मूळ आराखड्यात नवे नोझल ११५ ते १२५ बार दाबाला उघडावे अशी अपेक्षा आहे. स्प्रिंग थकली की ते लवकर उघडते, सुई अडकली की फवाऱ्याऐवजी धार पडते, आणि धारेतील मोठे थेंब उशिरा पेटतात. डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात नोझल टेस्टरवर हे दोनच मिनिटांत डोळ्यांना दिसते. दुसरा संशय पंपाच्या वेळेवर. मूळ इंजिनात इंधन सोडण्याची सुरुवात पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या २४ अंश आधी ठरवलेली असते. गंमत अशी की टायमिंग चेन ताणली गेली तर पंप मागे पडतो, आणि मागे पडलेला पंप धूर व अशक्तपणा देतो, नॉक देत नाही. म्हणून पंपाची वेळ पुढे गेलेली सापडली, तर ती झिजेने गेलेली नसून मागच्या दुरुस्तीत कोणीतरी, बहुधा गाडीला ‘ओढ’ यावी म्हणून, पुढे केलेली असते.

तिसरे कारण गॅरेजच्या एका जुन्या सवयीत आहे. इंजिन तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. त्याने काटा खाली येतो, पण डिझेल इंजिन कायम गारठलेले राहते, विलंब लांबतो आणि सकाळची खडखड दिवसभर टिकते. ही ‘युक्ती’ बंद झाली तर बरे. डिझेलमधील रॉकेलच्या भेसळीने मात्र पेट्रोलमधल्यासारखा तडक नॉक होत नाही. तिचा घाव पंप व नोझल यांच्या वंगणावर बसतो आणि आवाज काही महिन्यांनी, त्यांच्या झिजेतून, उमटतो.

इंजिनाबाहेरचे आवाज

इंजिन उघडण्यापूर्वी गाडीची बाकीची हाडे तपासणे स्वस्त पडते. भाराखाली इंजिन स्वतःभोवती पिळवटते, आणि ज्यावर ते टेकलेले असते ती रबरी फाउंडेशन थकलेली असतील तर ते इतके कलते की सायलेन्सरचा पाइप चॅसिसला लागतो किंवा पंखा आवरणाला घासतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल तर चढावर दाब वाढताच तेथून टिकटिक निघते आणि ती टॅपेटची समजली जाते. मॅनिफोल्डच्या सांध्यावरचा काजळीचा पट्टा तिचे मूळ सांगतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असेल तर ठोका इंजिनाच्या फेऱ्यांशी न जुळता चाकांच्या वेगाशी जुळतो, म्हणून तोच वेग ठेवून गिअर बदलला तरी ठोक्याची लय बदलत नाही. फिरत्या घरात याखेरीज कपाटे, भांडी आणि गॅसची टाकी असतात, त्यांची खडखड वेगळी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौकट: चाचणीफेरीत काय टिपावे
इंजिन पूर्ण गरम झाल्यावर शेजारी बसलेल्या व्यक्तीने नोंद घ्यावी: आवाज बारीक आहे की जड, पेडल दाबताना येतो की सोडताना, खालचा गिअर टाकल्यावर जातो, टिकतो की त्याची लय वाढते, तापमानाचा व तेलाच्या दाबाचा काटा त्या क्षणी कोठे आहे, धूर काळा, निळा की पांढरा. चालकाने हे एकट्याने घाटात करू नये.

एकेक सिलिंडर बंद करून

बाहेरचे सगळे निर्दोष ठरले की दोषी सिलिंडर शोधण्याची जुनी आणि अजूनही उत्तम पद्धत वापरता येते. पेट्रोल इंजिनात एकेका प्लगचा करंट तोडतात. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनात एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट किंचित ढिला करतात, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही आणि तेथील धक्का नाहीसा होतो. ज्या सिलिंडरला बंद केल्यावर आवाज थांबतो किंवा स्पष्टपणे मंदावतो, तो दोषी. यात हात, चेहरा आणि अनुभव नसलेली माणसे नळीपासून दूर असावीत, कारण दाबाखालील डिझेलची धार कातडी भेदून आत जाऊ शकते आणि वरून टाचणीएवढी दिसणारी ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत नेते. नव्या कॉमन रेल इंजिनात, जेथे दाब हजार बारच्याही वर जातो, ही चाचणी कधीही करू नये.

मात्र एवढ्याने काम अर्धेच होते, कारण सिलिंडर बंद केल्यावर खराब नोझलचाही आवाज थांबतो आणि झिजलेल्या बेअरिंगचाही मंदावतो. पुढची पायरी चतुर आहे: दोषी सिलिंडरचे नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करावे. आवाज नोझलबरोबर शेजारी गेला, तर दोष नोझलचा. जागच्या जागी राहिला, तर दोष त्या सिलिंडरच्या पोटात, म्हणजे पिस्टन, गजन पिन किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये आहे. आवाजाच्या जातीवरून यांतला फरकही बराचसा कळतो. ढिल्या पिस्टनची थाप थंड इंजिनात मोठी असते आणि पिस्टन तापून फुगला की कमी होते. गजन पिनचा आवाज तीक्ष्ण, दुहेरी ठोक्याचा असतो व फेऱ्या कमी असताना नीट ऐकू येतो. कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे बिग एंडचे, बेअरिंग गेले असेल तर ठोका जड असतो, इंजिन व तेल तापल्यावर वाढतो, आणि पेडल दाबून धरल्यापेक्षा ते एकदम सोडताना, भार उलटण्याच्या क्षणी, अधिक स्पष्ट होतो. क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा ठोका त्याहून खोल असतो आणि एकच सिलिंडर बंद करून तो सहसा जात नाही.

तेलाचा दाब आणि थांबण्याची वेळ

बेअरिंग आणि क्रँक यांच्यात साधारण ०.०५ मिलिमीटरची फट असते आणि तेल पंपाच्या दाबाने त्या फटीत तेलाचा थर टिकून राहतो. धातू धातूला न लागता त्या थरावर फिरतो. चढावर दोन गोष्टी एकदम घडतात: धक्का मोठा होतो आणि तापलेले तेल पातळ होते. त्यातच तेलाची पातळी कमी असेल तर तीव्र चढावर संपमधले तेल एका बाजूला जाऊन पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून बेअरिंगचा संशय येताच पहिली तपासणी डिपस्टिकची आणि दुसरी दाबाच्या मीटरची. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब फार खाली गेल्यावरच लागतो, त्याच्या न लागण्यावर विसंबणे धोक्याचे. तेल पंपाच्या वाटेवर खरा मीटर जोडून इंजिन गरम असताना दाब मोजावा. मग तेल काढून ते पांढऱ्या फडक्यातून गाळावे. काळ्या तेलात चमकणारे कण, विशेषतः तांबूस झाक असलेले, दिसले तर बेअरिंगच्या वरच्या थराखालचा धातू उघडा पडलेला असतो.

जड ठोका आणि उतरलेला दाब एकत्र दिसले तर गाडी स्वतःच्या बळावर हलवू नये. एखादे गॅरेज जवळ असले तरी तेथपर्यंतचे ते अंतरही रॉड तुटून इंजिनाच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येण्यास पुरेसे असते, आणि टोइंगचा खर्च नव्या ब्लॉकच्या खर्चापुढे नगण्य आहे. बारीक खडखड असेल आणि दाब पूर्ण असेल तर मात्र खालच्या गिअरमध्ये, पेडल हलके ठेवून, पाण्याची टाकी रिकामी करून घरापर्यंत जाता येते. बेअरिंग बदलण्याची वेळ आलीच, तर क्रँकचा तो भाग मायक्रोमीटरने मोजून, अंडाकृती झालेला असल्यास ग्राइंड करून, ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटरने कमी झालेल्या व्यासासाठीचे जाड शेल बसवतात. त्याच वेळी तेल पंप, त्याची जाळी आणि क्रँकमधील तेलाची भोके साफ केली नाहीत, तर नवे शेलही जुन्याच्या वाटेने जातात.